नवसूची वरकस

नवसूला कोणी ‘बस’ म्हटलं, तर तो आधी खाली बघायचा, मग म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, आणि शेवटी उभाच राहायचा. सिद्धगडाच्या पायथ्याशी, एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून तासाभराच्या चालीवर उंबरवाडी आहे. तीस घरांची वाडी. तिथली माणसं गंमतीनं म्हणायची की नवसूच्या घरात मांजर आलं, तर ते कोणी धाडलं याचा तपास लागेपर्यंत त्याला ताक मिळत नाही.

आता, माणूस उगाच असा होत नाही. नवसूचा बाप साधा होता. एका वर्षी वाडीवर मोजणीवाला आला होता. साखळी घेऊन डोंगर हिंडला, बापाच्या ओटीवर बसून तांब्याभर पाणी प्याला, हा तुकडा कोणाचा, तो कोणाचा असं गोड बोलून विचारून गेला. पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं की तो सगळा उतार कागदावर जंगल झाला आहे. बापानं त्या दिवसापासून एकच वाक्य धरलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही: “पानी पिऊन गेला नि डोंगर घेऊन गेला.” नवसूला दुसरं शिक्षण मिळालं नाही, हे एवढंच मिळालं, आणि ते त्यानं चांगलं पाठ केलं.

कागदावर जंगल झालं तरी माणसाला पोट असतंच. ओढ्याकाठची भाताची खाचरं चार भावांत वाटलेली. नवसूच्या वाट्याचा भात संक्रांतीपर्यंत कसाबसा पुरायचा. पुढचं वर्ष काढायचं ते वरच्या दीड एकर वरकसीवर. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. एका बाजूनं नाचणी, दुसऱ्या बाजूनं वरई, कडेनं गवत. ते गवत कापून खाली वखारीत द्यायचं, तिथून ते मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, लागणारा पालाही तिथलाच. ती दीड एकर गेली असती, तर नवसू, त्याची बायको काशी आणि लेक दिपिका यांना आठ महिने भिवंडीकडच्या वीटभट्टीवर काढावे लागले असते. वाडीतली निम्मी घरं तशीच काढत होती. भट्टीवर गेलेल्या पोरांची शाळा सुटते, आणि सुटलेली शाळा परत धरता येत नाही, हे काशीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

चौऱ्याण्णव साली, पाऊस सरल्यावर, नाचणीची कणसं भरत आली असताना वाडीत एक झोळीवाला माणूस आला. कल्याणच्या कॉलेजात शिकवणारे वाल्मिक सर. मूळचे खानदेशातले, गळ्यात कॅमेरा, हातात दोन वह्या. वाडीत शिरताना पहिलं घर नवसूचं लागतं, म्हणून सर तिथंच थांबले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी तिथंच थांबला असता. पण नवसूच्या हिशेबी हा माणूस नेमका त्याच्याच दारात थांबला होता.

“नवसूभाऊ, मी पुस्तक लिहितोय,” सर म्हणाले. “खाडीपासून घाटापर्यंतचा हा मुलूख. मुंबईला लागून आहे, पण मुंबई नाही. इथली माणसं जगतात कशावर, ते लिहायचंय.”

“ते लिहून कोनाला दाखवाचा?” नवसूनं विचारलं.

सर हसले. काडी घेऊन त्यांनी अंगणात रेघ ओढली. हा समुद्र, ही खाडी, हे कल्याण, हे तुम्ही. पूर्वी गलबतं खाडीतून आत यायची. तिथून बैलांच्या पाठीवर मीठ आणि सुकी मासळी नाणेघाटानं वर जायची, आणि वरून धान्य खाली यायचं. तुमचे आजे-पणजे त्या बैलांमागं चालले असतील. आता घाटाची वाट मोडली. धरणाचं पाणी खाली मुंबईला जातं, गवत जातं, भट्टीसाठी माणसं जातात. मुरबाडला कारखाने आले, पण तिथं वाडीतली किती माणसं लागली?

“सगळं खालीच जातं, नाही का?” सर म्हणाले. “खालून वर काय येतं?”

“तुमी आलात ना,” नवसू म्हणाला.

सरांनी तेही लिहून घेतलं. मीठ कुठून घेता, लग्नाचे कपडे कुठं घेता, म्हशाच्या जत्रेत बैल विकलात का, घरात रेडिओ आहे का. प्रत्येक प्रश्नाला नवसू पेनाच्या टोकाकडे बघत उत्तर देत होता. माणूस जितका गोड बोलत होता, तितका नवसूला बाप आठवत होता. शेवटी तो प्रश्न आलाच.

“डोंगरावर शेती किती आहे?”

“डोंगरावर?” नवसूनं मान वळवून डोंगराकडे असं बघितलं, जणू तो काल रात्रीच तिथं कोणी आणून ठेवला होता. “डोंगर फॉरेस्टचा. आमची काय बी शेती नाय तिथं. आमी लाकूडफाटा आणतो नि भट्टीवर जातो.”

“मग ते हिरवं-पिवळं दिसतंय ते काय?”

“रान.”

सरांना नाचणी ओळखता आली नसेल असं नाही. पण समोरचा माणूस सांगेल तेच लिहायचं, असा त्यांचा नेम असावा. त्यांनी लिहिलं. मग नवसूला दारात उभं करून फोटो काढला, आणि काशीनं पुढं केलेलं तांब्याभर पाणी प्याले. ते पाणी घशाखाली उतरताना नवसू बघत होता.

आठ दिवसांनी मुरबाडचा बाजार होता. नवसू वालाची गाठोडी घेऊन गेला आणि तिन्हीसांजेला परतला, तेव्हा काशी वरकसीच्या कडेला बसली होती. मांडीवर उपटलेल्या नाचणीचा भारा, आणि ती एकेक कणीस वेगळं करत होती. फॉरेस्टचा गार्ड येऊन गेला होता. उभं पीक उपटून तुडवून टाकलं होतं. राखणीचा झाप, म्हणजे शेतातली खोपटी, मोडला होता, कुदळ आणि कोयता उचलून नेला होता. काशी तेव्हा पोरीला घेऊन ओढ्यावर होती, तिला लांबून गार्डची उतरणारी खाकी पाठ तेवढी दिसली होती.

“त्या मास्तरचा काम,” नवसू म्हणाला.

मंगळू तोवर येऊन बाजूला बसला होता. मंगळूचा तुकडा नवसूच्या तुकड्याला लागूनच होता. मधे फक्त दगडांची एक ओळ. त्याचं पीक उभं होतं. गार्डला वेळ मिळाला नसेल, असं सगळ्यांनी धरलं. “हं,” मंगळू म्हणाला, आणि कणसं वेचायला लागला.

इथं मंगळूविषयी सांगायला हवं. सगळ्या जगात नवसूचा संशय फक्त या एका माणसाला शिवायचा नाही. दोघं एका वयाचे, गुरं एकत्र राखलेले. पेरणी, बेणणी, कापणी सावडीनं चालायची: चार दिवस याच्याकडे, चार दिवस त्याच्याकडे, मजुरी नाही, मोजदाद नाही. नवसू बियाणं कुठं पुरून ठेवतो ते काशीलाही माहीत नव्हतं, मंगळूला होतं. मंगळूची बायको लहानी म्हणायची, “माजा घो माज्यापेक्षा नवसूचाच जास्त हाय.”

त्या वर्षीपासून नवसूचा संशय चांगलाच पिकला. वाल्मिक सरांच्या नावानं तो रोज दोन शिव्या द्यायचा, एक सकाळी वरकसीवर जाताना आणि एक परतताना. मंगळू बरोबर असायचा, तो ऐकून घ्यायचा. जनगणनेला आलेल्या मास्तरीणबाईंना नवसूनं कोंबड्या मोजू दिल्या नाहीत. बचतगटाच्या कागदावर काशीनं अंगठा दिला म्हणून तीन दिवस जेवला नाही. पोलिओचा डोस पाजायला आलेल्या नर्सला त्यानं तो आधी स्वतः प्यायला लावला. बिचारीनं दोन थेंब जिभेवर घेतले, तेव्हा पोरीला मिळाले.

पण खोटं कशाला बोला, संशयानं त्याचं भलंही केलं. दोन हजार साल उलटलं आणि खालच्या गावांत पांढऱ्या जीपा फिरायला लागल्या. मुंबईच्या माणसांना फार्महाऊस हवं होतं: मागं डोंगर दिसायला हवा आणि पुढं रस्ता. किन्हवलीकडे काशीचा मेव्हणा होता. त्यानं ओढ्याकाठचं सगळं शेत विकलं, मोटरसायकल घेतली, ती बंद पडली, आणि आता तो त्याच शेताच्या फाटकावर वॉचमन होता. मालकाची गाडी आली की स्वतःच्याच बांधावर उभा राहून सलाम करायचा. जीपवाले उंबरवाडीतही आले होते. नवसूनं त्यांना इतके उलटे प्रश्न विचारले की ते चहा अर्धा टाकून गेले. संशयी माणसाला फसवणारा लवकर दमतो, हे मात्र खरं.

आणि इतकं सगळं होऊनही दरवर्षी नवसू वरकस पेरतच होता. भट्टीवर तो गेला नाही. दिपिका शाळा शिकली, मुरबाडला बारावी झाली, तिथंच कॉलेजात जायला लागली.

मग दोन हजार आठ साली नवा कायदा वाडीपर्यंत पोचला. जंगलात जे पिढ्यान्‌पिढ्या कसत आहेत, त्यांच्या नावावर ती जमीन लागणार. गावसभेची समिती झाली. तिचं लिहिण्याचं काम दिपिकाकडे आलं, कारण वाडीत तिचंच अक्षर तालुक्याच्या साहेबाला वाचता येण्यासारखं होतं. प्रत्येक दाव्याला दोन पुरावे हवे होते. एक जागेची पाहणी, ती तर होणारच होती. दुसरा जुना कागद, आणि कागद नसेल तर शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब.

नवसूनं पहिल्यांदा नेहमीसारखंच केलं. “डोंगर घेतला तवा बी असाच कागद आणला व्हता,” म्हणाला. दिपिकानं दहा दिवस त्याच्याशी वाद घातला. अखेर काशी म्हणाली, “पोरीवर बी संशय घेताव काय?” तेव्हा त्यानं दावा भरला.

आठवड्यानं दिपिका कॉलेजातून आली ती छातीशी एक जाड पुस्तक धरून. ग्रंथालयात सापडलं होतं. खाडीपासून घाटापर्यंतचा भूगोल, इतिहास, व्यापार-उदीम, सगळं त्यात होतं. आणि मागच्या सूचीत उंबरवाडीचं नाव होतं. छापील पुस्तकापेक्षा मोठा पुरावा कुठला? तिनं वाटेत ते पान उघडलंच नव्हतं, बापासमोर उघडायचं म्हणून.

फोटो नवसूचाच होता. दारात उभा, डोळे बारीक केलेले. खाली छापलं होतं ते दिपिकानं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर तिचा आवाज उतरला. “उंबरवाडीतील नवसू. त्यांच्या सांगण्यानुसार या कुटुंबाची डोंगरावर कोणतीही शेती नाही. लाकूडफाटा व वीटभट्टीवरील हंगामी मजुरी हीच उपजीविका.”

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकानं आणखी भर घातली. तालुक्याच्या साहेबांच्या कपाटात हेच पुस्तक आहे आणि साहेब ते वाचतात. “तोंडी जबाब किती का द्या,” तो म्हणाला, “तुमच्याच तोंडचं छापलेलं असताना साहेब कसं मानतील? त्याला उत्तर द्यायला तितकाच जुना कागद लागेल.”

नवसूला पोरीच्या तोंडाकडे बघवेना. तिची शाळा ज्या तुकड्यानं राखली, तो त्यानं स्वतःच्या जिभेनं पुसून टाकला होता. त्याला स्वतःची इतकी चीड आली की तो पुस्तकातल्या आपल्याच फोटोला पुटपुटत शिव्या देत बसला. पण दुसऱ्या दिवशी वरकसीवर एकटा बसला असताना वेगळाच किडा डोक्यात शिरला. मास्तरनं तर जसं सांगितलं तसंच छापलं. एक अक्षर वर नाही की खाली नाही. रान म्हटलं, त्यानं रान मानलं. मग गार्डला कोणी सांगितलं?

तो उठून मंगळूकडे गेला, कारण दुसरीकडे जायची सवयच नव्हती. सगळ्या वाडीची नावं त्यानं एकेक करून घेतली. दामू? तो तेव्हा भट्टीवर होता. बारकू? त्याला गार्ड बघूनच हागवण लागायची. भिमीचा नवरा? मंगळू विळ्याला धार लावत होता. दगडावर विळा घासत राहिला, घासत राहिला. “मंगळू, तुला काय वाटतं?” नवसूनं विचारलं. “आता मला काय वाटून काय उपेग,” मंगळू म्हणाला.

गावसभा शाळेच्या पडवीत भरली. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधे टेबलाशी ग्रामसेवक आणि दिपिका. दावे घरांच्या क्रमानं घ्यायचे ठरलं, म्हणून पहिला नवसूचा आला. ग्रामसेवकानं दावा वाचला, पाहणी बरोबर असल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाला, “जुना कागद नाही. पुस्तकात उलट लिहिलंय. हा दावा वर टिकेल असं वाटत नाही.”

“कागद हाय,” मागून कोणीतरी म्हणालं.

मंगळू उभा राहिला होता. तो माणूस सभेत कधी उभा राहत नसे.

“फॉरेस्टच्या हापिसात हाय. पंचनामा. चौऱ्याण्णव सालचा. त्याच्यात लिवलाय, ही दीड एकर नवसूची, नाचणी उभी. पंच म्हनून माजा अंगठा हाय.”

“तुमी तिथं कसे?” ग्रामसेवकानं विचारलं.

“मीच दाखवली.” मंगळू जमिनीकडे बघत बोलत होता. “घराला सागाचं आडं तोडताना गार्डनं मला धरला. बोलला, कोनाची तरी शेती दाखव, तुला सोडतो. माजी नि नवसूची एकाला एक लागून. मी त्याची दाखवली. चौदा वर्सं ह्यो त्या मास्तरला शिव्या देतो, मी संगती चालतो. आता पुरे झाला.”

लहानीनं पदर तोंडात धरला. माणसांच्या हेही लक्षात आलं की यादीत पुढचा दावा मंगळूचाच होता. त्याच्याकडे कुठलाच कागद नव्हता, कारण त्याच्या शेतात गार्ड कधी शिरलाच नव्हता. आणि जबाब देणारा शेजारचा वडीलधारा म्हणून समितीनं नाव लिहून ठेवलं होतं ते नवसूचं. स्वतःचा दावा निकालात निघेपर्यंत मंगळू गप्प बसू शकला असता. बसला नाही.

नवसूला वाटलं, आपल्याला राग यायला हवा, आणि राग येतच नव्हता. आयुष्यभर त्यानं मोजणीवाल्यावर, मास्तरवर, नर्सवर, मांजरावर संशय घेतला होता. फक्त या एका माणसाकडे पाठ करून तो निर्धास्त झोपला होता. त्याचे डोळे भरून आले. ते पुसावेत हेही त्याला सुचलं नाही.

“कागदाची नक्कल मागवून घेऊ,” ग्रामसेवक हलक्या आवाजात म्हणाला. “नवसूभाऊंचा दावा ठेवतो.” मग त्यानं पुढचा कागद घेतला, घसा खाकरला. “मंगळू. दाव्याला जबाब... नवसूभाऊ, तुम्हाला द्यायचा असेल तरच. सक्ती नाही.”

नवसूनं नुसतं ‘मला ठावं नाय’ म्हटलं असतं, तरी काम भागलं असतं. वाडीतल्या कोणीही त्याला बोल लावला नसता. मंगळू खाली बसला होता, भिंतीकडे तोंड करून. दिपिकानं पेन हातात धरलं होतं, पण बापाकडे बघायचं टाळलं. नवसू टेबलापाशी गेला. मग बोलायला लागला तो दिपिकाशी, हळू, लिहायला वेळ मिळावा तसा.

“लिही गो. मंगळूची वरकस माज्या वरकसीच्या वरच्या अंगाला. मधे दगडांची वळ. ती वळ आमी दोघांनी लावली. आमाला मिसरूड फुटल्यापासून तो तिथं पेरतो.”

“पंचनाम्याच्या त्या साली तो तिथं पेरत होता, हे कशावरून सांगता?” ग्रामसेवकानं विचारायचं म्हणून विचारलं.

काशीनं बायकांतून मान वर केली; तिला उत्तर माहीत होतं. बोलायचं की नाही, हा नवसूचा प्रश्न होता.

“त्या साली माजी नाचणी उपटली,” नवसू म्हणाला. “त्याची उभी राह्यली. कापणी झाल्यावर त्यानं त्यातली निम्मी माज्या घरी आणून ओतली. आमी ती होळीपर्यंत खाल्ली. ही पोर त्याच्यावरच वाढली.” त्यानं टेबलाच्या कडेला हात टेकला. “ती त्यानं भ्यानं आणली का मायेनं आणली, ते मला आजून कळला नाय. पन नाचणी व्हती. तेवढं लिही.”